जागा १२०, अर्ज २१४

पत्र

सर, सप्रेम नमस्कार.

कोल्हापूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आमचं कला, वाणिज्य आणि विज्ञान महाविद्यालय आहे. एमआयडीसी आठ-नऊ किलोमीटरवर. गेलं वर्षभर आमच्या भागातल्या फौंड्र्यांना आणि मशीन शॉपना कामं कमी आहेत. तीन पाळ्यांच्या दोन झाल्या, कंत्राटी पोरं आधी घरी बसली. त्याचा परिणाम आता आमच्या ऑफिसच्या खिडकीवर दिसतोय. बी.कॉम. भाग १ च्या मंजूर जागा १२०, अर्ज आलेत २१४. बी.ए.चा वर्ग गेल्या वर्षी भरत नव्हता, तिथंही यंदा रांग आहे. बारावी होऊन चार-पाच वर्षं झालेली, कारखान्यातून सुटलेली पोरं आहेत. पुण्याचा खर्च झेपेना म्हणून तिथल्या कॉलेजातून नाव काढून आलेली आहेत. इकडं मंजूर शिक्षकपदांपैकी जवळपास निम्मी रिकामी, काम सीएचबीवर, म्हणजे तासाच्या मानधनावरच्या शिक्षकांवर चाललंय. खोल्या अकरा. संस्थेचे अध्यक्ष म्हणतात, ही संधी आहे, वरचा मजला काढू आणि बीबीए-बीसीए विनाअनुदानित सुरू करू. आमचे ज्येष्ठ प्राध्यापक म्हणतात, मेरिट लावा, १२० घ्या आणि विषय मिटवा. मला दोन्ही पटत नाही आणि तिसरं सुचत नाही. सोमवारी ‘प्रवेश पूर्ण’ असा बोर्ड लावायचा आहे. लावू का?

– एक प्राचार्या

उत्तर

मॅडम, नमस्कार.

बोर्डाचं शेवटी सांगतो. आधी त्या रांगेत कोण उभं आहे ते बघू. तुमच्या अध्यक्षांनी रांगेची लांबी बघितली आणि ज्येष्ठांनी खोल्यांची संख्या. रांगेतली माणसं अजून कुणी बघितलेली दिसत नाहीत, आणि ही चूक मी स्वतः एकदा केलेली आहे.

१९८२ साली मी तुमच्यासारख्याच एका तालुक्याच्या कॉलेजात अर्थशास्त्राचा नवा अधिव्याख्याता होतो. त्या वर्षी १८ जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार, आणि त्यातले कितीतरी आपल्या आजरा, चंदगड, भुदरगड, गडहिंग्लज भागातले. मनीऑर्डरी थांबल्या. चाळीतल्या खोल्या सोडून बिऱ्हाडं गावाकडं आली, आणि जूनमध्ये त्यांची पोरं आमच्याकडं. पहिल्या वर्षाच्या वर्गात बाकं पुरेनात. खिडकीच्या कट्ट्यावर पोरं बसायची. आम्हाला फार बरं वाटलं, की आपल्या आडगावच्या कॉलेजला एवढी मागणी आली.

दिवाळीनंतर कॉलेज उघडलं तेव्हा त्यातली निम्मी पोरं नव्हती. स्टाफरूममध्ये निष्कर्ष निघाला की यांना शिकायचंच नाही, यांना मुंबईचं वारं लागलंय. मीही मान हलवली. पुढं फेब्रुवारीत त्यातला एक आठवडी बाजारात भेटला. अंगावर गुळाच्या मळीचे डाग. म्हणाला, “सर, हंगाम सुरू झाला. पहाटे गुऱ्हाळ पेटतं ते दिवस मावळेपर्यंत. कॉलेज अकरा ते पाच. संध्याकाळी सातनंतर मी मोकळाच असायचो.” एवढं बोलून तो गेला. आम्ही त्याला वर्गात जागा दिली होती. त्याला कुठल्या वेळी यायला जमेल हे मात्र सबंध स्टाफपैकी एकानंही विचारलं नव्हतं. चाळीस वर्षं होऊन गेली, ते मला अजून टोचतं. तुमचं पत्र वाचून मी लगेच लिहायला बसलो ते त्यामुळंच.

मंदीत कॉलेजची गर्दी वाढते यात नवल काही नाही. कॉलेजची खरी किंमत म्हणजे फी नव्हे. त्या वेळात बुडणारी मजुरी ही मोठी किंमत असते. फौंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतीव माल घासून साफ करायला, दिवसाला पाचशे-सहाशे मिळत असताना बावीस वर्षांचा पोरगा वर्गात कशाला बसेल? काम सुटलं की ती किंमत एकदम उतरते आणि राहिलेली पदवी आठवते. हे जगभर होतं. अमेरिकेत २००७ साली कॉलेज-विद्यापीठांत सुमारे १ कोटी ८२ लाख विद्यार्थी होते. मंदी आली आणि २०१० मध्ये ते २ कोटी १० लाखांवर गेले. पण ज्या मंदीनं मुलं आणली तिनंच सरकारी तिजोऱ्या रिकाम्या केल्या. कॅलिफोर्नियातली कम्युनिटी कॉलेजेस म्हणजे तिथली सर्वांत स्वस्त, सर्वांना खुली कॉलेजेस. अनुदान कापलं गेल्यावर त्यांनी वर्ग कमी केले आणि पुढच्या तीन-चार वर्षांत तिथले विद्यार्थी सुमारे पाच लाखांनी घटले. गरज शिगेला असताना दार अरुंद झालं. सरकारी कॉलेजात जागा न मिळालेल्यांतले पुष्कळजण नफ्यासाठी चालणाऱ्या कॉलेजांकडं गेले, कर्ज काढून. त्यातली कोरिंथियन ही मोठी साखळी २०१५ मध्ये बंद पडली आणि मुलांच्या हाती कर्ज तेवढं राहिलं.

हे सांगायचं कारण असं, की तुमच्यासमोरचे दोन्ही सल्ले तिथं अमलात येऊन गेलेत. ‘१२० घ्या आणि विषय मिटवा’ हा एक आणि ‘संधी आहे, महागडा कोर्स काढा’ हा दुसरा.

अध्यक्षांच्या सल्ल्याबद्दल मी स्पष्ट बोलतो. वरचा मजला काढायला दीड-दोन वर्षं जातील. तोवर ही पोरं एकतर कामावर परतलेली असतील, नाहीतर कायमची शिक्षणातून गेलेली असतील. मजल्याचं कर्ज मात्र राहील. आपल्या राज्यानं १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना दार उघडलं. आपल्या कोल्हापुरातही त्याच सुमाराला चांगली कॉलेजेस उभी राहिली, टिकली, आणि त्यांनी या भागाचं भलं केलं. पण मागणी बघून नंतर जी भराभर निघाली, त्यांच्यातल्या किती जणांच्या जागा २०१० नंतर रिकाम्या राहिल्या आणि किती बंद झाली, हे अध्यक्षसाहेबांनाही ठाऊक असणार. शिवाय बीबीए-बीसीए २०२४-२५ पासून एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या कक्षेत गेलंय, प्रवेशाला सीईटी आहे. पहिल्याच वर्षी राज्यात त्या जागा मोठ्या प्रमाणात रिकाम्या राहिल्या. नवा कोर्स विद्यापीठाच्या बृहत आराखड्यात (कुठं कोणते कोर्स काढायचे याच्या योजनेत) बसवा, मान्यता आणा, माणसं नेमा, एवढं होईपर्यंत तुमच्या खिडकीवरची रांग पांगलेली असेल. आणि ज्या बापाची पाळी बंद झालीय, तो ती फी भरणार कुठून?

आता करायचं काय.

आपल्याच शहराकडं बघा. १८९६-९७ चा दुष्काळ, मग प्लेग, मग पुन्हा १८९९-१९०० चा दुष्काळ. कोल्हापूर संस्थानाची त्या वेळची अवस्था आजच्या मंदीशी तुलना करण्यासारखी नाही, इतकी वाईट होती. राजाराम कॉलेज १८८० पासून होतं. खेड्यातल्या पोरांना मात्र तिथं पोचता येत नव्हतं. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, आणि मग जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य समाज, एकेक करून बोर्डिंगं उभी राहिली. दसरा चौकातून जाताना आजही त्यांच्या पाट्या दिसतात. पोराला कॉलेजपासून लांब ठेवणारी गोष्ट कोणती हे त्यांनी आधी हेरलं. ती होती शहरात पाठ टेकायला जागा नसणं आणि दोन वेळचं जेवण नसणं. पैसा आधी तिथं गेला. तुमच्या रांगेतल्या पोरांना लांब ठेवणारी गोष्ट मला तरी वेळ वाटते. पण माझ्यावर विसंबू नका, त्यांना विचारा.

एक पानाचा कागद करा आणि अर्जासोबत भरून घ्या. सध्या काम आहे का, असल्यास कोणती पाळी, पाळी बदलते का, घरून निघून कॉलेजला यायला किती वेळ, कोणती एस.टी., शेवटची गाडी किती वाजता, शिक्षण कधी सुटलं आणि का, घरात आणखी कोण शिकतंय. बास. टक्के विचारण्याआधी हे विचारा. आणि सगळ्या २१४ जणांना एकेक फोन करा. दोन-तीन कॉलेजांत फॉर्म भरून ठेवणारे बरेच असतात. माझा अनुभव असा, की फोन झाल्यावर रांग निदान दहा-पंधरा टक्क्यांनी कमी होते. मग खरा आकडा हातात येईल.

समजा तो १८० निघाला. विद्यापीठाकडं ६० जागांच्या वाढीव तुकडीचा प्रस्ताव आजच द्या. मान्यता हातात येईपर्यंत एकही जादा प्रवेश करू नका, कितीही रडत कुणी आलं तरी. मान्यतेबाहेर घेतलेल्या मुलाची पात्रता अडकते, परीक्षेचा फॉर्म अडकतो, आणि त्याची शिक्षा तो भोगतो, आपण नाही.

ती तुकडी दुपारी त्याच वेळेला दुसऱ्या खोलीत बसवू नका. माझं सगळं सांगणं या एका गोष्टीत आहे. १८० मुलांसाठी प्रत्येक तास तुम्हाला तसाही दोनदा घ्यावा लागणार. मग एक सकाळी घ्या आणि एक संध्याकाळी. तोच विषय, तोच धडा, त्याच दिवशी. सध्याच्या अभ्यासक्रम-आराखड्यात एका सत्राला २० ते २२ क्रेडिट (श्रेयांक) आहेत. लेखी विषयाच्या एका क्रेडिटला १५ तास धरले तर पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला २२ तास होतात. सहा दिवसांत वाटले तर दिवसाला पावणेचार तासांपेक्षा कमी. सव्वासात ते अकरा सकाळची बॅच, पावणेचार ते साडेसात संध्याकाळची. मधल्या वेळेत बी.ए. आणि बी.एस्सी. त्याच अकरा खोल्यांत हे बसतं.

आणि मुलाला तुकडीला बांधू नका. कारखान्यात पाळी आठवड्याला फिरते. सात ते तीनच्या आठवड्यात तो संध्याकाळी येईल, तीन ते अकराच्या आठवड्यात सकाळी, रात्रपाळी असेल तर सकाळी झोपून संध्याकाळी. हजेरी दोन्हीपैकी कुठल्याही वर्गात लागली तरी धरायची. यासाठी दोन्ही बॅचचे शिक्षक एका चालीनं पुढं सरकले पाहिजेत. सोमवारी सकाळी जो मुद्दा झाला तोच संध्याकाळी. दर शनिवारी पंधरा मिनिटं बसून पुढचा आठवडा ठरवावा लागेल. सुरुवातीला कुरकुर होईल. पहिल्या महिन्यात तुम्ही स्वतः एक संध्याकाळचा तास घ्या, कुरकुर कमी होते.

हे काही मी शोधलेलं नाही. आपल्या कोल्हापुरात आणि इचलकरंजीत नाइट कॉलेजं आहेत. दिवसा दुकानात नाहीतर मागावर आणि रात्री वर्गात असं करून पदवीधर झालेली माणसं तुमच्या गावातही सापडतील. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक हे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. १९६४ ते ६६ या काळात काम केलेल्या त्या आयोगानं सांगितलं होतं, की १९८६ पर्यंत उच्च शिक्षणातले साधारण एक तृतीयांश विद्यार्थी पत्रद्वारा अभ्यासक्रम आणि सायंकाळच्या वर्गांतून शिकावेत. काम करता करता शिकणारा माणूस त्यांनी अपवाद धरला नव्हता. आपण मात्र वेळापत्रक अजून अशा मुलासाठी करतो, ज्याचा बाप कमावता आहे आणि ज्याला दिवसभर दुसरं काम नाही.

पर्यायी विषयांची यादी थोडी कापावी लागेल. चार पर्यायांचे दोन करा आणि वाचलेले तास पुनरावृत्तीला द्या. काही शिक्षकांना आपला आवडता विषय गेल्याचं वाईट वाटेल, त्यांच्याशी एकेकट्यानं बोला. एखादा पर्यायी विषय ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन मंचावरून घेता येतो, यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनी एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय तसे घ्यायला मुभा दिली आहे, अर्थात विद्यापीठानं मान्य केलेले. पण मुख्य विषय फोनवर ढकलू नका. पाच वर्षांनी वही हातात घेतलेल्या पोराचा हात धरायला समोर माणूस लागतो. रिचार्ज संपल्यावर तो कुठं जाणार हाही प्रश्न आहेच.

बी.एस्सी.च्या जागा मात्र वाढवू नका. प्रयोगशाळेच्या बॅचा वाढवता येत नाहीत, आणि प्रात्यक्षिक न करता दिलेली विज्ञानाची पदवी ही मुलाची फसवणूक आहे.

परतून आलेल्या पोरांबद्दल आणखी थोडं. ती पहिल्या दिवशी मागच्या बाकावर बसतील आणि गप्प राहतील. वयानं मोठी, त्यात अकाउंट्स विसरलेली. पहिले दोन आठवडे फक्त उजळणीचे ठेवा. पण त्यांना जे येतं तेही वर्गात आणा. डिस्पॅचला तीन वर्षं काढलेल्या पोराला चलन, गेटपास, ई-वे बिल, जीएसटीचा इनव्हॉइस हे तुमच्या नव्या सीएचबी शिक्षकापेक्षा जास्त कळतं. फौंड्रीत एका हीटमधून, म्हणजे एका वेळच्या वितळवलेल्या धातूतून, किती माल रिजेक्ट गेला की तोटा होतो, हे त्यानं डोळ्यांनी बघितलंय. परिव्यय लेखाशास्त्र म्हणजे दुसरं काय? त्याला फळ्याजवळ उभं करा आणि बोलायला लावा. बारावीतून थेट आलेल्या पोरांनाही ते ऐकायला मिळेल. असा एक तास झाला की तो पोरगा पुढच्या आठवड्यात दुसऱ्या बाकावर आलेला दिसेल. हे मी पुढं शिकवताना स्वतः बघितलंय.

आता पैशाचं. वाढीव तुकडी बहुधा विनाअनुदानित मिळेल, म्हणजे तिची फी जास्त. एकाच वर्गात दोन फी असतील तर मुलं एकमेकांना विचारणारच. त्या तुकडीचा खरा खर्च म्हणजे मानधन, वीज, परीक्षा. तो एका कागदावर मांडा आणि शेजारी वरच्या मजल्याचा खर्च मांडा. अध्यक्षांसमोर दोन्ही कागद ठेवा. माणूस संस्थेवर प्रेम करणारा असेल, आणि बहुतेक अध्यक्ष असतात, तर तुलना त्यांना दिसेल. फी हप्त्यांत घ्या, आणि पहिला हप्ता दिवाळीनंतर ठेवता आला तर उत्तम.

शिष्यवृत्तीत एक खोच आहे, ती आधीच लक्षात घ्या. महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर उत्पन्नाचा दाखला लागतो आणि दाखला मागच्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नावर निघतो. बापाचं काम यंदा सुटलं, पण कागदावर तो अजून कमावता आहे. राजर्षी शाहू शिक्षण शुल्क योजनेची मर्यादा ८ लाख आहे, त्यामुळं तिथं सहसा अडत नाही. ज्या योजनांची मर्यादा कमी आहे तिथं अडतं. अशा मुलांची वेगळी यादी करा आणि माजी विद्यार्थ्यांकडं जा. ‘कॉलेजला देणगी द्या’ म्हणू नका, लोकांना त्याचा कंटाळा आहे. ‘या एका पोराचे यंदाचे दोन हप्ते’ म्हणा. आपल्याकडची माणसं अशा वेळी मागं सरत नाहीत. २०१९ आणि २०२१ च्या पुरात आपण ते बघितलंय.

त्याच्या जोडीला कमवा आणि शिका. ही कल्पना रुजवणारे कर्मवीर भाऊराव पाटील कुंभोजचे, आपल्याच जिल्ह्यातले. शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये सुरू झालं आणि पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार यांनी ही योजना विद्यापीठात रुजवली. तुमच्याकडं ती बहुधा कागदावर असेल, पाच-सात मुलं बाग झाडतात आणि सही करतात. ती मोठी करा. कामही शिक्षणाला धरून द्या. प्रवेशाचे अर्ज संगणकावर घेणं, ग्रंथालय रात्री आठपर्यंत उघडं ठेवणं, महाडीबीटीचे फॉर्म भरायला गावोगावच्या मुलांना मदत करणं. दिवसाला दोन तास. ज्या पोराचं काम सुटलंय त्याला महिन्याला मिळणारी ती थोडी रक्कम शिष्यवृत्तीपेक्षा वेगळी वाटते, कारण ती कमाई असते.

तुमच्या सीएचबी शिक्षकांविषयी लिहिल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. सेट-नेट, काही पीएच.डी. झालेली ही मुलं-मुली तासावर जगतात, आणि मानधनही वेळेवर नसतं. मंदीतून आलेल्या पोरांना मंदीतच जगणारे शिक्षक शिकवणार आहेत. वाढलेला सगळा भार त्यांच्या अंगावर टाकू नका. संध्याकाळच्या तासांत कायम प्राध्यापकांचा निम्मा वाटा असलाच पाहिजे, आणि जे ज्येष्ठ ‘१२० घ्या’ म्हणाले त्यांच्यापासून सुरुवात करा. संस्थेकडून मानधन महिन्याच्या महिन्याला उचल म्हणून द्या, सरकारकडून आलं की वळतं करून घ्या. आणि वाढलेला वर्कलोड उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाला लेखी कळवा, दर सत्राला, पोच घेऊन. पदं लगेच भरली जाणार नाहीत हे मलाही कळतं. पण उद्या भरतीला मान्यता येईल तेव्हा मागणी कागदावर असलेल्या कॉलेजचा दावा भक्कम असतो.

आणि मुली. तुमच्या पत्रात परतलेली पोरं आहेत, मुलींचा उल्लेख नाही. मंदीत मुलगा रांगेत येतो, आणि त्याच घरातली बारावी झालेली बहीण बऱ्याचदा घरी राहते, कारण दोघांचा खर्च झेपत नाही किंवा तिचं लग्न उरकून टाकू असं ठरतं. रांगेत नसलेलं माणूस आपल्याला दिसत नाही. मुलींना पूर्ण शुल्कमाफी देणारा २०२४ चा शासन निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, तुमच्या बी.ए., बी.कॉम.च्या मुलीला त्याचा उपयोग नाही. म्हणून आसपासच्या कनिष्ठ महाविद्यालयांकडून यंदा बारावी झालेल्या मुलींची यादी मागवा आणि तुमच्या अर्जांशी ताडून बघा. ज्या नाहीत त्यांच्या घरी एका शिक्षिकेला पाठवा. घरची माणसं बहुतेक वेळा दोनच गोष्टी बोलतात, प्रवास आणि अंधार. या मुलींना सकाळची बॅच द्या. अकराला वर्ग सुटतो, बाराला ती घरी असते.

काही पोरं मधेच जातील. ऑर्डरी आल्या की ठेकेदाराचा फोन येतो आणि पोरगा जातो, जायलाच हवं त्याला. त्याचं नाव खोडू नका. पहिल्याच महिन्यात प्रत्येकाचं अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं उघडून घ्या. तिथं जमा झालेले क्रेडिट ७ वर्षांपर्यंत चालतात. पहिलं वर्ष पुरं करून ठरलेले जादाचे क्रेडिट केले तर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका अशी सोय नव्या शैक्षणिक धोरणात आहे. ती त्याला प्रवेशाच्या दिवशीच सांगा, कारण जाताना तो भेटायला येत नाही. आमचा तो गुऱ्हाळावरचा पोरगा कुणाला सांगून गेला नव्हता.

एवढं करूनही काही जण उरतील. लांबच्या गावचे, सलग बारा तासांच्या कामावर असलेले, किंवा कोणत्याच बॅचला येऊ न शकणारे. त्यांना मुक्त विद्यापीठाचा रस्ता दाखवा. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नेमकं याच माणसासाठी काम करतंय. फक्त ‘इथं जागा नाही, तिकडं जा’ असं खिडकीतून सांगू नका. जवळचं अभ्यासकेंद्र कोणतं ते तुम्ही शोधून द्या, आणि तुमच्या ग्रंथालयाचं कार्ड त्याला द्या. संध्याकाळच्या तासाला मागं बसून ऐकलं तर आपलं काय जातं?

आता बोर्ड. सोमवारी ‘प्रवेश पूर्ण’ लावू नका. त्या जागी एक टेबल टाका, एक शिक्षक आणि एक कारकून बसवा, आणि तो एक पानाचा कागद भरून घ्यायला सुरुवात करा. बोर्डावर एवढंच लिहा: “१२० जागा मेरिटनं भरल्या जातील. वाढीव जागांचा प्रस्ताव पाठवला आहे. नाव नोंदवून जा, अमुक तारखेला फोन करू.” तारीख घाला आणि त्या तारखेला फोन कराच.

आणि मंगळवारी सकाळी एस.टी. आगारात स्वतः जा, शिपायाला पाठवू नका. आगार व्यवस्थापकांना विद्यार्थ्यांची गावनिहाय यादी दाखवा. मुक्कामी गाड्या आठच्या आत सुटत असतील तर त्या पंधरा-वीस मिनिटं उशिरा सोडायची विनंती करा, कारण साडेसातला सुटलेल्या वर्गाला स्टँडवर पोचायला तेवढा वेळ लागतो. यादीत एका मार्गावर पंचवीस-तीस पासधारक दिसले की ते ऐकतात. नाहीच ऐकलं, तर संध्याकाळची बॅच अर्धा तास अलीकडं घ्या आणि मला कळवा. पहिल्या पाळीची पोरं सव्वातीनला पोचू शकतात का, ते आपण पुन्हा त्या कागदांवरून बघू.

आपला,
सदरलेखक